मागच्या चाकातली हवा

६ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा पंक्चर! महिना सुरू होऊन आठवडा नाही झाला तर हे दुसरं. तेही कुठे, तर पुलाच्या बरोब्बर मधोमध — पुढे दुकान नाही, मागेही नाही. डब्यात पाच जणांचं रक्त, अजून चार घरं बाकी, आणि त्या चारही घरांत माणसं उपाशीपोटी माझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. सायकल ढकलत ढकलत हेडबाईंकडे पोचले तेव्हा त्या दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण कान अजून घंटेकडेच. म्हणाल्या, "साखरेची पेशंट आहे मी. कधीची पाण्याच्या घोटावर बसलेय. चक्कर येऊन पडले असते तर रक्त जमिनीवरूनच गोळा केलं असतंस!"

त्यांनी तरीही हात पुढे केला. त्यांच्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक, आणि त्याही लाजाळू. लॅबमधल्या दुसऱ्या कोणाला सापडत नाहीत, मला पहिल्या टोचणीत सापडतात. अकरा वर्षं घरोघरी जाऊन रक्त काढते आहे. गाता येत नाही, स्वयंपाक बेताचा, देवाने तेवढी ही एक गोष्ट हातात दिली.

संध्याकाळी मागचं चाक दाबून पाहिलं. पंक्चर काढून आणलं, मामंजींनी लगेच हवाही भरली, तरी मऊच. मामंजी रोज सकाळी माझ्या आधी उठून दोन्ही चाकांत हवा भरतात. पण भरतात म्हणजे काय भरतात? अंगठा सरळ आत जातो. बरेच दिवस असंच असणार, माझंच लक्ष आता गेलं. हात गेले त्यांचे. शहात्तराव्या वर्षी जाणारच. पण मऊ चाकावर पंक्चर जास्त होतं हे शेंबडं पोरही सांगेल. त्यांना तोंडावर कसं सांगायचं?

८ नोव्हेंबर

आज मुद्दाम खिडकीतून बघितलं. मामंजी उकिडवे बसले. पंप लावला, पाच-सहा दणके मारले, थांबले, अंगठ्याने दाबून पाहिलं. परत दोन दणके. परत अंगठा. आणि मग — फुस्स! भरलेली हवा सुटली की हो! त्यांचं आपलं काही नाही, शांतपणे टोपण लावलं, हात झटकले, माझ्या सीटवरून फडकं फिरवलं आणि आत आले. पंपाचं तोंडसुद्धा नीट धरता येत नाही आता त्यांना.

"झाली हवा," म्हणाले. रोज एवढंच म्हणतात. सासूबाई गेल्यापासून या माणसाच्या तोंडून दिवसाला दहा वाक्यं निघत असतील तर शपथ. त्यातलं एक हे.

मी "हं" म्हणाले आणि निघाले.

१२ नोव्हेंबर, रविवार

लेकीचा फोन. पंक्चरचं रडगाणं ऐकवलं तर हसत सुटली. "आई, तू कुठल्या युगात आहेस? हवाच नसलेले टायर मिळतात आता! भरीव. आतून जाळीजाळीचे. खिळा घुसला तरी काही होत नाही." फोटोही पाठवला. काळेभोर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं असलेले. पंक्चर नाही, ट्यूब नाही, पंप नाही.

नवऱ्याला दाखवलं. तो छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो, घरी आल्यावर कशातच काही बोलत नाही. म्हणाला, "बघ बुवा. तुझी सायकल, तुझं बूड."

मागवले.

१९ नोव्हेंबर, रविवार

बसले एकदाचे! सायकलवाल्याचा मात्र घाम निघाला. एवढे ताठ की रिमवर चढेनात. गरम पाण्यात बुडवले, दोघांनी मिळून ओढले, गुडघे लावले, देवाची सगळी नावं घेऊन झाली. सगळा वेळ तोंड चालूच. "बाई, हवा म्हणजे फुकटातली गादी. ती काढून तुम्ही पाटावर बसायला निघालात. लिहून ठेवा, महिन्याभरात निखळतील." मी म्हटलं, तुमचा पंक्चरचा धंदा बसतो म्हणून पोटात दुखतंय. तो म्हणाला, "ते तर दुखतंयच!" — आणि हसला. माणूस वाईट नाही.

मामंजी सोबत आले होते. त्यांनी चाक हाताने फिरवलं, जाळीत बोट घातलं. मग सवयीने अंगठ्याने दाबून पाहिलं. जरासुद्धा दबलं नाही.

"यात हवा कुठून भरायची?"

"भरायचीच नाही, मामंजी! आता रोज सकाळी वाकायला नको तुम्हाला. तुमच्यासाठीच तर आणलेत."

असं म्हणाले मी. तोंडातून सहज निघून गेलं. त्यांच्यासाठी कसले, माझ्या वैतागासाठी आणले. पण ऐकायला बरं वाटलं, मलाच.

"बरं केलंस," म्हणाले. आणि आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

२० नोव्हेंबर

पुलावर काचा पडल्या होत्या, कोणीतरी बाटली फोडलेली. पूर्वी उतरून, सायकल उचलून गेले असते. आज सरळ त्यावरून! कराकरा आवाज झाला आणि मी पुढे. राणीसारखी.

सायकल जड झाली आहे हे मात्र खरं. कॅरिअरवर कोणीतरी चोरून बसल्यासारखं वाटतं. आणि पेठेतल्या फरसबंदीवर दात वाजतात. होईल सवय. नऊच्या नऊ घरं वेळेत. हेडबाई घड्याळ बघून म्हणाल्या, "सुधारलीस."

२१ नोव्हेंबर

मामंजी आजही उठले होते. पंप हातात घेऊन सायकलपाशी उभे. मग आठवलं असावं. सीट पुसली आणि आत गेले.

२९ नोव्हेंबर

पंप जिन्याखाली ठेवून दिला. येता-जाता पायात येत होता.

४ डिसेंबर, सोमवार

अकरा वर्षांत माझा नमुना कधी परत आला नव्हता. आज आला. दोन!

लॅबमध्ये नळी यंत्रात गरगर फिरवली की खाली लाल गाळ बसतो आणि वर पाणी येतं — फिकट पिवळं, स्वच्छ. ते तसं हवं. ते गुलाबी आलं की समजायचं रक्त फुटलं. पेशी फुटून आतला माल पाण्यात मिसळलेला. अशा रक्ताचा रिपोर्ट खोटा येतो, पोटॅशियम तर हमखास वाढलेलं दाखवतं. पेशंटला पुन्हा टोचावं लागतं. का फुटतं? सुई नीट लागली नाही, घाईने ओढलं, हात थरथरला. शंभरातल्या नव्वद वेळा दोष हाताचा. नव्या मुलींना मीच हे शिकवते. मीच!

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी नुसता चष्मा वर केला. दोघांकडे परत जाऊन दुसऱ्यांदा रक्त घेतलं, माफी मागितली.

१३ डिसेंबर

आज तीन.

मशीनवर बसणारा म्हणाला, "ताई, बरं नाही का तुम्हाला?" काळजीनेच म्हणाला बिचारा. मला मात्र ते कानशिलात मारल्यासारखं लागलं.

लिहू की नको करत होते. लिहितेच. हाताला मुंग्या येतात. आठवडाभर बघते आहे. पहिल्या घरी ठीक असतं, तिसऱ्या-चौथ्या घरापर्यंत मनगटापासून बोटांपर्यंत झिणझिणत राहतं. सुई धरायच्या आधी हात चोळून घेते, कोणी बघत नाही असं पाहून. आईचे हात असेच सुरू झाले होते. आधी मुंग्या, मग कापरं. शेवटी कपबशीचा आवाज आला की आम्हाला कळायचं आई चहा आणते आहे.

मी अजून पन्नाशीलाही नाही.

१४ डिसेंबर

नवऱ्याला सांगितलं नाही. "दाखव डॉक्टरला" म्हणेल. दाखवलं आणि खरंच निघालं तर?

२१ डिसेंबर, गुरुवार

हेडबाईंचं रक्त फुटलं. परत गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मुकाट्याने दुसरा हात पुढे केला. या दुसऱ्या खेपेला मीच इतकी घाबरले होते की शीर सापडेना. दोनदा टोचलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातावर काळानिळा डाग ठेवून आले.

दार लावताना म्हणाल्या, "प्रत्येकाची वेळ येते गं. मी खडू ठेवला तेव्हा माझंही अक्षर वाकडं येत होतं."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सायकल हातात धरून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले, तिथे रडले. रडून सायकलवर बसले. टायर छान आहेत, एकही पंक्चर नाही!

२ जानेवारी

मामंजी हल्ली उशिरा उठतात. मी निघते तेव्हा खोलीचं दार लोटलेलंच असतं. पूर्वी माझ्या चहाबरोबर त्यांचा चहा व्हायचा. आता झाकून ठेवते, तो गार होतो, नवरा गरम करून देतो. वाचनालयात पेपर वाचायला जायचे सायकलवर, तेही बंद. विचारलं तर म्हणाले, "काय वाचायचं, तेच तेच." गुडघा दुखतो म्हणतात. चालताना थांबून दम खातात.

नवरा म्हणाला, "वय झालं." मीही म्हटलं, वय झालं. आम्ही दोघं असं एकमेकांना सांगत होतो आणि ते पलीकडच्या खोलीत जागे होते असं आता वाटतंय.

एक गंमत म्हणजे स्वतःच्या सायकलीत मात्र दर रविवारी हवा भरून ठेवतात. कुठे जात नाहीत, तरी. "चपट्या चाकावर गाडी उभी करू नये," म्हणाले. एवढी वर्षं बस चालवली ना, सवय जात नाही.

११ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची दिली बसायला. तेव्हाच ओळखलं.

"महिन्याभरात चौदा परत गेले. मला तुम्हाला दुखवायचं नाही. पण पेशंटला किती वेळा टोचायचं?"

मी म्हटलं, मला नोंदणीच्या टेबलावर बसवा. त्यांनी म्हणायच्या आधी मीच म्हणाले, तेवढा तरी मान राहील. त्या म्हणाल्या, जानेवारी संपेपर्यंत बघू. पहिल्या तारखेपासून टेबल.

टेबलावर बसायचं म्हणजे नाव काय, वय काय, जेवलात का. ते काय वाईट काम आहे? कोणी तरी करतंच ना. पण मी सुई धरली की समोरचं माणूस डोळे मिटायचं आणि उघडायचं तेव्हा झालेलं असायचं! "घेतलंत सुद्धा?" असं विचारायचे लोक. हे आता कोणी विचारणार नाही.

१७ जानेवारी

पाणी मारलेल्या रस्त्यावर वळताना घसरले. हे टायर ओल्यात धरत नाहीत. कोपर सोललं, डबा शाबूत. सायकलवाल्याच्या दुकानासमोरच! तो धावत आला, उचललं, आणि बोलायचं टाळता टाळता शेवटी बोललाच. "निखळले नाहीत हो ते, माझं चुकलं. पण पाट तो पाटच." मी म्हटलं, पंक्चर नाही ना झालं? नाकाने कांदे सोलायची माझी जुनी सवय.

२५ जानेवारी, गुरुवार

आजचं सगळं लिहायलाच हवं.

सकाळी सायकल काढली तर मागच्या चाकाच्या दोन तारा तुटलेल्या, चाक वाकडं. मामंजींची सायकल घेतली. ते झोपलेले, न विचारताच. डबा बांधला आणि सवयीने मागचं चाक दाबलं.

दगड! अंगठा आत जाईचना. पुढचं दाबलं, तेही तसंच. रविवारी भरलेली हवा, गुरुवारी इतकी टणक.

मी उभीच राहिले. हात गेले म्हणत होते ना मी? गेलेल्या हातांनी ही हवा कोणी भरली? आणि एवढी भरता येत होती तर माझ्याच चाकात का नव्हती?

उशीर होत होता, निघाले. फरसबंदीवर ती सायकलही थोडी उडाली, पण दात वाजले नाहीत. चौथ्या घरी पोचले आणि लक्षात आलं, हात चोळावा लागला नाही. मुंग्याच नाहीत! नवव्या घरापर्यंत नाहीत. हेडबाईंची शीर पहिल्या टोचणीत. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "घेतलंस?"

लॅबमध्ये मशीनवाल्याच्या मागे जाऊन उभी राहिले. नळ्या बाहेर आल्या. एक, दोन, तीन — सगळ्या फिकट पिवळ्या. नऊच्या नऊ.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. हात नाही. हात कधीच नव्हता! टायर. लोकांचं रक्त मी पाटावर आपटत आपटत नेत होते, दोन महिने, आणि माझी मनगटंही त्याच पाटावर आपटत होती. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी तिला पहिल्या दिवशी विचारलं असतं, बाई गं, डबा कसा आणतेस?

घरी आले ती चपला न काढता मामंजींच्या खोलीत. ते खिडकीशी बसले होते. विचारलं, "मामंजी, माझ्या चाकात हवा कमी का भरत होता तुम्ही?"

त्यांना आधी कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतेय. मग म्हणाले, "तुझ्या मागे डबा असतो ना."

"म्हणजे?"

"पहिल्या वर्षी तूच सांगत होतीस जेवताना. नळ्या हादरल्या की रक्त बिघडतं, मग बाई ओरडतात. म्हणून मागच्याला जरा सोडायची. फार नाही. अंगठा नखापर्यंत जाईल एवढीच. त्याहून कमी केली तर पंक्चर होतं." पुढे म्हणाले, "नोव्हेंबरात झाली ती दोन. माझा अंदाज चुकला असेल."

ती फुस्स! मी खिडकीतून बघितलेली. पंपाचं तोंड धरता येत नाही म्हणाले होते मी.

अकरा वर्षं. एकदा जेवताना काहीतरी बडबडले होते, मला आठवतसुद्धा नाही. या माणसाने ते धरून ठेवलं आणि रोज सकाळी अंगठ्याने मोजलं. आणि मी रोज "हं" म्हणून निघून गेले.

"मग ते टायर बसवले तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस, माझ्यासाठी आणलेत." खिडकीबाहेर बघत म्हणाले. "एवढं हौसेने आणलंस. तुझं मन कशाला मोडायचं?"

मला त्यांच्या पायाशी बसून सांगायचं होतं की तुमच्यासाठी नव्हते हो आणले, खोटं बोलले मी. नाही सांगितलं. ते खरं धरून दोन महिने त्या खोलीत बसलेत, निदान तेवढं तरी त्यांच्याकडे राहू दे.

चहा केला. आज गरम प्याले.

२८ जानेवारी, रविवार

टायर निघता निघेनात. शेवटी सायकलवाल्याने करवतीने कापले. "आत्मा नव्हता त्यात," म्हणाला. मग ट्यूब, टायर, नव्या तारा. याही वेळी मामंजींना नेलं. रिक्षाने, चालवेना त्यांना. सायकलवाला मला हिणवेल म्हणून कंबर कसून गेले होते, पण त्याने मामंजींकडे बघितलं आणि स्टूल पुसून दिलं.

डॉक्टरीणबाईंनाही फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे एवढ्या लोकांना आपण टायरपायी दोनदा टोचलं?" आपण म्हणाल्या. बरं वाटलं. टेबल रद्द.

२९ जानेवारी

पंप जिन्याखालून काढला, धुतला, पुसला. सकाळी सायकलपाशी ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत बसले. दार उघडल्याचा आवाज आला. मग पंपाचा. एक. दोन. तीन. चार.

पुढे काही नाही.

बाहेर गेले. मामंजी भिंतीला टेकून उभे, तोंड उघडं, छाती भात्यासारखी. घोटे सुजलेले, चपलेचा पट्टा रुतलेला. हे मला आज दिसलं! रोज परक्या माणसांचे हात-पाय तपासणारी मी.

"होत नाही गं," म्हणाले. लाजल्यासारखे हसले. "सवय सुटली."

नोव्हेंबरात होत होतं. मी म्हणत होते हात गेले, तेव्हा गेले नव्हते. आता गेले.

३० जानेवारी

तोडगा काढला. खुर्ची बाहेर ठेवली, सायकलला लागून. मी पंप मारायचा, ते खुर्चीतून वाकून अंगठा लावणार. मी मारत गेले. "अजून." मारले. "अजून थोडी." मग "बस!"

मी दाबून पाहिलं. नखापर्यंत.

४ फेब्रुवारी

रविवार असूनही भरली. "कालची आहे की," म्हणाले, पण येऊन बसले खुर्चीत. नवरा ब्रश तोंडात धरून बघत होता. मग तोही पायरीवर बसला. कितीतरी वर्षांनी आम्ही तिघं सकाळचे एका जागी.

आज सासूबाईंची गोष्ट सांगितली मामंजींनी. त्यांना पुढच्या दांडीवर बसवून न्यायचे, तेव्हा पुढच्या चाकात किती हवा, ते. हवेशिवाय या माणसाला प्रेमाचं दुसरं मापच माहीत नाही बहुतेक.

९ फेब्रुवारी

"बस" म्हणायच्या आधी मीच थांबले आज. बरोब्बर होतं. म्हणाले, "शिकलीस." मला नाही आवडलं. उद्यापासून मुद्दाम चुकणार आहे.

१४ फेब्रुवारी, बुधवार

सूज उतरत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. नवरा म्हणाला, दुसऱ्या कोणाला बोलावू का, घरच्यांचं काढताना हात कापतो म्हणतात. मी म्हटलं, माझा नाही कापत.

खुर्चीतच घेतलं, अंगणात. आधी हवा, मग रक्त. त्यांनी डोळे मिटले, उघडले. "घेतलंस सुद्धा?"

"घेतलं."

"चांगला आहे गं हात तुझा."

त्यांची नळी डब्यात मधोमध ठेवली. फरसबंदी टाळून लांबच्या रस्त्याने गेले.

संध्याकाळी मशीनवाल्याने नळी उजेडात धरली. म्हणाला, "ताई, बघा. काय स्वच्छ आहे!" खरंच स्वच्छ, फिकट पिवळं. शिकवायला ठेवावं असं.

रिपोर्ट मात्र तसा नाही. पोटॅशियम खूप वाढलेलं. मूत्रपिंडाचे आकडेही. फुटलेल्या रक्तात ते खोटंच वाढतं. हे फुटलेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, नमुना बिघडलेला असता तर! पुन्हा टोचू म्हणता आलं असतं.

रात्रीच दवाखान्यात नेलं.

१७ फेब्रुवारी

दवाखान्यातून थेट कामावर. मामंजी नळ्यांत गुंतलेले. मला बघून तोंडावरचा मास्क बाजूला केला. वाटलं पाणी मागतायत.

"हवा बघितलीस का?"

हो म्हणाले. बघितली नव्हती.

१२ मार्च

मामंजी गेल्यावर आज पहिल्यांदा सायकल काढली. मागचं चाक पार बसलं होतं. पंप लावला, मारायला लागले. मारत गेले, मारत गेले. टायर दगड झाला तरी मारतच होते. बस म्हणायला कोणी नव्हतं.